ऋणाचा झाडा

वाई,
कार्तिक शुद्ध एकादशी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र व सोबतचे बँकेचे उतारे पोहोचले. उतारे मी सावकाश तपासले. पण फोन वाजला की छातीत धस्स होते आणि रात्र रात्र डोळा लागत नाही, हे तू ज्या साधेपणाने लिहिलेस, ते वाचून मन कळवळले. सहकारी पतसंस्थेच्या वसुली खात्यात उमेदीची सारी वर्षे काढल्यामुळे कर्जदार म्हणजे लबाड अशी समजूत करून घेणे मला कधीच शक्य झाले नाही. बहिणीच्या लग्नाच्या कार्यालयासाठी तू वैयक्तिक कर्ज काढलेस, घरातील सामानसुमान कार्डावर घेतलेस, आणि पुढे कार्डाची किमान रक्कम भरण्यासाठी मोबाईलच्या ॲपवरून आणखी एक कर्ज उचललेस. या तिन्ही पायऱ्या मी शेकडो सचोटीच्या माणसांना उतरताना पाहिले आहे. तेव्हा आपली अब्रू गेली हा विचार प्रथम मनातून काढून टाक.

तुझा प्रश्न असा, की निम्मे कर्ज माफ करवून देण्याची हमी देणारी जी मध्यस्थ मंडळी तुला भेटली, त्यांच्या कर्जमुक्ती कार्यक्रमात नाव नोंदवावे की काय. माझे उत्तर नकाराचे आहे. पण वडीलधाऱ्याचा नकार कारणांवाचून स्वीकारावा असे तुझे वय राहिलेले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कर्जनिवारण ही कल्पनाच खोटी आहे असे मी म्हणणार नाही; आपल्याच मुलुखाचा इतिहास तसे म्हणू देणार नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी 12 मे 1875 रोजी भरबाजारात कुणबी मंडळी सावकारांच्या दुकानांवर चालून गेली, तेव्हा लूटही झाली, पण त्यांचा मुख्य रोख धान्यावर वा दागिन्यांवर नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे, आणि जे हाती लागले ते त्यांनी जाळले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. या कायद्याने सरसकट माफी कोणालाच दिली नाही. त्याने न्यायाधीशास एवढाच अधिकार दिला, की रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता व्यवहाराच्या मुळाशी जावे, आरंभी खरोखर किती पैसा हाती आला, त्यावर व्याज किती चढले, व्याजाचे मुद्दल करून नवे रोखे किती वेळा लिहून घेतले, हे सारे उकलून पाहावे, आणि जे न्याय्य देणे निघेल त्याचे हप्ते बांधून द्यावेत. दिलेल्या पैशाची पावती, खात्याचा वार्षिक उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला मिळाला, आणि कर्जापायी तुरुंगात पडण्याचे भय दूर झाले. माझ्या मते त्या कायद्याचे खरे श्रेय या खाते उकलण्यात आहे. त्याची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे: शेतसारा ठरल्या तारखेस भरावाच लागे, पाऊस बेभरवशाचा राही, आणि पैशाची गरज होती तशीच होती; म्हणून पुष्कळ सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याचा मार्ग धरला, आणि कुळांना जमिनी त्या वाटेने गमवाव्या लागल्या.

‘शेतकऱ्यांना माफी मिळते, मग पगारदाराने काय पाप केले’ असे तू विचारतोस. 2008 साली केंद्र सरकारने दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांची थकीत पीककर्जे माफ केली. 2017 साली राज्य सरकारने दीड लाखापर्यंत आणि 2019 साली दोन लाखांपर्यंत माफीच्या योजना काढल्या. त्या पिकाच्या आणि भावाच्या संकटासाठी होत्या, आणि संस्थांच्या कर्जापुरत्या होत्या. खाजगी सावकाराचे देणे त्यांच्या बाहेरच राहिले, आणि ज्यांचा मोठा भार तिथे होता त्यांच्या घरी माफीनंतरही तगादा चालूच राहिला. शहरी नोकरदाराच्या कार्डासाठी अशी कोणतीही सरकारी योजना नाही. कोणी आहे म्हणून सांगत असेल तर तो असत्य बोलतो. डिसेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने मुद्दाम निवेदन काढून जनतेस सावध केले, की काही मंडळी कसलाही अधिकार नसता शुल्क उकळून ‘कर्जमाफीची प्रमाणपत्रे’ देत आहेत आणि बँकेचे देणे फेडण्याची गरज नाही असा अपसमज पसरवीत आहेत.

तुला भेटलेले गृहस्थ प्रमाणपत्र देत नाहीत, तडजोड करवून देतात, हे मी जाणतो. म्हणून त्यांच्याच अटींवर हिशेब मांडू. कार्डावर तुझे 1,80,000 रुपये देणे आहे आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के आहे. या महिन्याचे व्याज 6,300 रुपये, त्यावर अठरा टक्क्यांनी जीएसटी 1,134; म्हणजे 7,434 रुपये निव्वळ कार्ड सांभाळण्याचा खर्च झाला. किमान रक्कम म्हणून तू 9,000 भरलेस, त्यातून मुद्दल फिटले ते 1,566. किमान रक्कमच भरत गेल्यास फेडीला कित्येक वर्षे लागतील, अशी सूचना तुझ्या उताऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली आहे. ती भिंग घेऊन का होईना, एकदा वाच. आता ते गृहस्थ सांगतात, की सहा महिने एकही हप्ता भरू नकोस, फोन घेऊ नकोस, बारा हजार आगाऊ दे आणि जी रक्कम वाचेल तिचे पंधरा टक्के नंतर दे. सहा महिन्यांत हेच देणे चक्रवाढीने 2,29,000 च्या घरात जाईल, विलंबशुल्क वेगळेच. बँकेने निम्मे सोडले, म्हणजे सोडलेच असे गृहीत धरले, तर तू भरशील सुमारे 1,14,700. त्यात त्यांचे बारा हजार आणि सुमारे सतरा हजार मिळव, म्हणजे बेरीज 1,43,900 होते. आजच्या देण्याशी ताडून पाहता तुझी बचत छत्तीस हजारांची झाली, आणि तीही बँक राजी झाली तरच. कारण तडजोड मान्य करण्यास बँक मुळीच बांधलेली नाही, आणि मध्यस्थाच्या करारनाम्यात तशी हमी कोठेही नाही. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

या छत्तीस हजारांच्या मोबदल्यात काय जाते तेही पाहा. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. पुढे तडजोड झाली तर पतनोंदीत ते ‘बंद’ म्हणून न दिसता ‘तडजोडीने मिटविलेले’ म्हणून दिसते, आणि पतमाहिती कंपन्या अशी नोंद किमान सात वर्षे जपून ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या नियमांनुसार, ज्या बँकेशी तडजोड झाली ती निदान बारा महिने तरी तुला नवे कर्ज देऊ शकत नाही. घर घेण्याचे तुझ्या मनात आहे; ते याच सात वर्षांत घ्यायचे आहे, हे विसरू नकोस.

तडजोड ही गोष्टच त्याज्य आहे असा मात्र याचा अर्थ करू नकोस. नोकरी सुटली, घरात दीर्घ आजार आला, उत्पन्नाचा मार्गच बंद झाला, अशा वेळी बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन, परिस्थितीचे पुरावे पुढे ठेवून एकरकमी तडजोड मागणे हा सन्मान्य मार्ग आहे, आणि त्यासाठी मध्यस्थाची गरज नसते. अशी तडजोड करताना रक्कम भरण्यापूर्वी मंजुरीचे पत्र आणि भरल्यावर ‘देणे नाही’ असा दाखला लेखी घ्यावा. तोंडी आश्वासनावर पैसे भरणाऱ्या माणसांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. याच्याही पलीकडे नादारीचा मार्ग असतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीस नवा प्रारंभ करून देणारी तरतूद लिहिली गेली खरी, परंतु सामान्य व्यक्तींपुरता तो भाग अद्याप अमलात आलेला नाही, आणि 1909 व 1920 चे जुने कायदेच चालतात. तुझ्या प्रपंचाला त्यांची पायरी चढण्याचे कारण नाही: दरमहा अठ्ठावन्न हजार घरी येतात, आणि नोकरी कायम आहे.

भयाविषयी दोन शब्द. हप्ता थकणे हा दिवाणी मामला आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणी अटक करीत नाही. मात्र दिलेला धनादेश न वटणे, किंवा खात्यातून आपोआप हप्ता वळविण्याची संमती दिलेली असता शिल्लक नसल्याने तो परत जाणे, यांतून फौजदारी खटला होऊ शकतो, आणि ‘सहा महिने काही भरू नकोस’ असे सांगणारे हे तुला सांगत नाहीत. वसुलीच्या लोकांनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो मोडल्यास बँकेकडे लेखी तक्रार कर, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे एक पैसाही लागत नाही. ॲपवाल्याने तुझ्या फोनमधील नातलगांचे क्रमांक काढून ताईला, म्हणजे तुझ्या आईला, फोन करण्याची धमकी दिली आहे. तसे क्रमांक पाहण्याचाच त्याला अधिकार नाही. त्या धमकीचे संदेश पुसून न टाकता जपून ठेव, आणि पुन्हा आली तर सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर नोंद कर.

आता करावयाचे ते. तुमच्या कारखान्यात पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था आहे आणि तू तिचा सभासद आहेस, हे तू पत्रात ओझरते लिहून पुढे गेलास; मी मात्र त्याच ओळीवर थांबलो. तिथला कर्जाचा दर द. सा. द. शे. बारा आहे असे तूच लिहितोस. कार्डाचे 1,80,000 आणि ॲपचे 38,000 मिळून 2,18,000 रुपये तिथून तीन वर्षांच्या मुदतीने घे. त्याचा हप्ता सुमारे सव्वासात हजार येईल. आज या दोन देण्यांपोटी तुझे सतरा हजार जातात. हप्ता पगारातूनच कापला जाईल, म्हणजे मोह आणि विसर या दोहोंपासून सुटका. चौदा टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज आहे तसे चालू दे, आणि जे सुमारे पावणेदहा हजार मोकळे होतील त्यांतले निम्मे बाजूला टाकून आधी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक उभी कर. ती झाली की उरलेला पैसा त्या कर्जात घाल, पण मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का ते कर्जखतात आधी पाहा. सूनबाईंच्या बांगड्या तारण ठेवण्याचे तुझ्या मनात आले आहे. तूर्त ते नको.

या योजनेत एक धोका आहे, आणि तो 1879 च्या कायद्यात होता तोच आहे. देणे एका दप्तरातून दुसऱ्यात गेले, पण ज्या गरजेतून ते उपजले ती तशीच राहिली, तर वर्षाअखेरीस पतसंस्थेचा हप्ताही असेल आणि कार्डही पुन्हा भरलेले असेल. मी हे इतक्या घरांत पाहिले आहे की याबाबतीत मी कठोर होतो. कार्डाचे देणे शून्यावर येईल त्याच दिवशी ते बंद करण्याचा लेखी अर्ज दे. सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि विलंब झाल्यास दररोज पाचशे रुपये दंड तुला मिळावयाचा आहे. ॲप फोनवरून काढून टाकण्यापूर्वी तिथूनही ‘देणे नाही’ असा दाखला घे.

पतसंस्था दोन जामीनदार मागेल. ज्यांना विचारशील त्यांना तुझी सारी देणी कागदावर लिहून दाखव, एकही न लपविता. उद्या तुझा हप्ता थकला तर त्यांच्या मुलांच्या फीच्या पैशांना हात लागतो. वसुलीच्या नोटिशीवर सही करताना कर्जदारापेक्षा जामीनदाराचे नाव लिहिणे मला नेहमीच जड गेले आहे.

आणि सूनबाईंना सांग. घरात त्या हिशेब ठेवतात, भाजीवाल्याचे सुटे पैसेही लिहितात, आणि त्यांच्याच वहीत या सतरा हजारांची नोंद नाही, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत गैर वाटते. ताईलाही कळू दे. लेकीच्या लग्नात कार्यालय मोठे हवे हा तिचाच आग्रह होता, आणि तिला वाईट वाटेल म्हणून तू एकट्यानेच भार वाहावा हे तिलाही मान्य होणार नाही. तिच्याशी कसे बोलावे असा संकोच वाटत असेल, तर मी वाईहून येतो आणि तुझ्या शेजारी बसतो.

मध्यस्थांना नकार लेखी कळव, आगाऊ रक्कम देऊ नकोस, आणि कोऱ्या कागदावर वा मुखत्यारपत्रावर सही केली असल्यास मला ताबडतोब फोन कर. पतसंस्थेचा अर्ज, गेल्या सहा महिन्यांचे पगारपत्रक आणि वैयक्तिक कर्जाचे मूळ कर्जखत घेऊन येत्या रविवारी इकडे ये. अर्ज आपण दोघे मिळून भरू.

सूनबाईंस व मुलांस आशीर्वाद, ताईस नमस्कार.

तुझा,
मामा