स्मृतिक्षीणता : परीक्षा नको, सराव हवा

‘आई, चष्मा कुठे ठेवलास? आठव पाहू!’ असे घरोघरी प्रेमानेच विचारले जाते. परंतु स्मृती क्षीण झालेल्या व्यक्तीसाठी हा प्रश्न परीक्षाच ठरतो. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तर मनात रुजते, कारण आपण चुकलो होतो, हे तिला पुढे आठवत नाही. म्हणून स्मृतिपुनर्वसनाचा पहिला नियम असा : उत्तर आधी सांगावे, प्रश्न नंतर विचारावा.

प्रथम तपासणी
विस्मरणास केवळ वार्धक्य समजू नये. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळे होणारे विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. अचानक गोंधळल्यास, बोलणे अडखळल्यास किंवा हातापायांतील शक्ती गेल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

वाढत्या अंतराचा सराव
१. दैनंदिन उपयोगाची एकच गोष्ट निवडावी. उदा. ‘चष्मा देव्हाऱ्याशेजारच्या लाल डब्यात.’
२. उत्तर सांगून लगेच विचारावे. बरोबर आल्यास अर्ध्या मिनिटाने, मग १, २, ४ व ८ मिनिटांनी पुन्हा विचारावे. मधल्या वेळात नेहमीच्या गप्पा चालू ठेवाव्यात.
३. उत्तर चुकल्यास न रागावता योग्य उत्तर सांगावे, त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे आणि जेवढ्या अंतराने उत्तर बरोबर आले होते, तेथून पुन्हा आरंभ करावा.
४. उत्तरासोबत कृतीही करवून घ्यावी. हात डब्यापर्यंत जाऊ द्यावा.
५. डब्याची जागा बदलू नये. थकवा दिसताच सराव थांबवावा.

घराबाहेर पडताना
ओळखीची वाट लक्षात ठेवण्यासाठी ठळक खूण निवडावी. हजरतगंजमध्ये २०१०-११ च्या सुशोभीकरणात दुकानांच्या पाट्या एकाच धर्तीच्या करण्यात आल्या. अशा ठिकाणी पाटीपेक्षा मुख्य टपाल कार्यालयाचा घड्याळ-मनोरा ही खूण अधिक उपयोगी पडते. रोज त्याच वाटेने, सोबत चालत सराव करावा. वाट चुकण्याचा धोका असल्यास एकटे पाठवू नये. घरातील सूचना मराठीत मोठ्या अक्षरांत लावाव्यात. खिशातील नाव व दूरध्वनी क्रमांकाचे कार्ड मात्र हिंदीत असावे, म्हणजे वाटेवरील कोणासही ते वाचता येईल.

अपेक्षा किती ठेवावी?
या सरावाने मूळ आजार बरा होत नाही, किंवा एकंदर स्मरणशक्तीही वाढत नाही. जे शिकवले, तेवढेच टिकते आणि त्यासही अधूनमधून उजाळा द्यावा लागतो. औषधे देण्याची जबाबदारी कुटुंबीयांनी स्वतःकडेच ठेवावी. तथापि चष्मा स्वतःचा स्वतः सापडणे, हेही स्वावलंबनच होय. त्याने दिवसभराची चिडचिड टळते आणि मान राखला जातो.

शुश्रूषा करणाऱ्यासही विश्रांती व आधार हवा. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकांवर विनामूल्य संपर्क साधावा.