बोलक्या यंत्राचे आयुष्य

शाळेत येणारी प्रत्येक वस्तू जडवस्तुसंग्रह नोंदवहीत चढते. बाक, फळा, घड्याळ, तराजू, नकाशे ह्यांच्या आयुष्याविषयी शिक्षकास फारसा विचार करावा लागत नाही. मोडेपर्यंत ह्या वस्तू चालतात, आणि मोडल्यावर पुष्कळदा गावातला सुतार किंवा लोहार त्यांना पुन्हा उभे करतो. अलीकडे काही शाळांच्या नोंदवहीत मात्र एक निराळीच वस्तू चढू लागली आहे. ती धडधाकट असताना, तिचा एक खिळाही ढिला झालेला नसताना, हजारो मैलांवरच्या एका निर्णयाने मुकी होऊ शकते. ही वस्तू म्हणजे ‘स्मार्ट स्पीकर’ ह्या नावाने बाजारात मिळणारा बोलका ध्वनिक्षेपक होय.

भारतात हे यंत्र २०१७ पासून मिळू लागले. राज्यातील काही जिल्हा परिषद शाळांतील उपक्रमशील शिक्षकांनी ॲमेझॉन कंपनीचे ‘अलेक्सा’ वर्गात आणले आणि मुलांना इंग्रजीतून प्रश्न विचारण्याची गोडी लावली. घरी इंग्रजीचा एक शब्दही कानांवर न पडणारी मुले यंत्राने आपले बोलणे समजून घ्यावे म्हणून उच्चार घासूनपुसून नीट करू लागतात, हा लाभ लहान नव्हे. यंत्र घेण्यास कोणाचीही हरकत असू नये. परंतु ते बहुधा लोकवर्गणीतून किंवा एखाद्या दात्याच्या देणगीतून येते. ज्या पालकाने त्यासाठी एका दिवसाची मजुरी दिली, त्यास हे यंत्र किती वर्षे चालेल असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर मुख्याध्यापकापाशी असावयास हवे.

हे उत्तर सोपे का नाही, हे कळण्यासाठी यंत्राची रचना ध्यानी घेतली पाहिजे. आपले ठरलेले नाव ऐकून जागे होणे, एवढे काम यंत्र स्वतः करते. पुढचा प्रश्न ते इंटरनेटवरून कंपनीच्या दूरस्थ संगणकांकडे पाठविते. तेथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो, उत्तर तयार होते आणि ते आवाजाच्या रूपाने परत येते. मुलांच्या भाषेत सांगावयाचे तर वर्गातल्या डब्यात कान व तोंड आहेत, डोके परगावी आहे. विकत घेतला जातो तो डबा. डोके विकत मिळत नाही. कंपनी ते जितके दिवस चालवील तितके दिवस त्याचा उपयोग.

रेडिओची गोष्ट अगदी निराळी होती. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत, रेडिओ ऐकून त्यावर चर्चा करणारी ग्रामस्थांची मंडळे चालविली. बोलणारे केंद्र एकाचे आणि ऐकविणारा संच दुसऱ्याच कारखान्याचा, अशी त्या काळची सर्वसाधारण व्यवस्था होती. संच बनविणारा कारखाना बंद पडला म्हणून पुण्याचे केंद्र त्या संचावर ऐकू यावयाचे थांबत नसे. दिवा गेला तर तालुक्याच्या गावचा कारागीर तो बदलून देई, आणि एक केंद्र बंद झाले तरी काटा फिरवून दुसरे लावता येई. स्मार्ट स्पीकरमध्ये संच विकणारा आणि त्यास बोलका ठेवणारा हे बहुधा एकच असतात. त्याने हात काढून घेतला की फिरविण्यास काटाच उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. हर्मन कार्डन ह्या नामांकित कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या ‘कोर्टाना’ ह्या बोलत्या साहाय्यकावर चालणारा ‘इन्व्होक’ नावाचा स्पीकर ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणला. किंमत सुमारे १९९ डॉलर होती. जुलै २०२०च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, जानेवारी २०२१ मध्ये ह्या यंत्रावरील कोर्टाना बंद होईल. म्हणजे अगदी पहिल्या दिवशी घेणाऱ्यासही बोलका स्पीकर जेमतेम सव्वातीन वर्षे मिळाला. मात्र येथे कंपन्यांनी एक गोष्ट नीट केली. यंत्राच्या अंतर्गत आज्ञावलीत बदल करून त्याचा साधा ब्लूटूथ स्पीकर करून दिला. बोलणे गेले, पण गाणे राहिले.

सोनोस ह्या अमेरिकन कंपनीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तिचे जुने स्पीकर प्रश्नांची उत्तरे देणारे नव्हते. तथापि इंटरनेटवरून संगीत घेणारे असल्यामुळे त्यांचे आयुष्यही कंपनीच्या आज्ञावलीवरच अवलंबून होते. विक्री बंद केल्यानंतर किमान पाच वर्षे आज्ञावली सुधारून देण्याचे ह्या कंपनीचे धोरण होते. तिच्याच सांगण्यानुसार तोवर विकलेल्या यंत्रांपैकी ९२ टक्के यंत्रे २०२० साली वापरात होती. ह्याचा अर्थ असा की, बांधणी उत्तम होती आणि यंत्रे धोरणाहून अधिक जगली! जानेवारी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की, काही जुन्या यंत्रांस मे महिन्यापासून सुधारणा मिळणार नाहीत. इतकेच नव्हे, तर घरात एक जुने यंत्र नव्या यंत्रांशी जोडलेले असेल, तर नव्यांच्या सुधारणाही थांबतील. त्याच्या आधी काही महिने तिने अशी योजना काढली होती की, ग्राहकाने आपले चालू यंत्र कायमचे निकामी करण्याची आज्ञा दिल्यास नव्यावर ३० टक्के सूट मिळेल. चालती वस्तू हातांनी मारून सूट घ्यावयाची, हा व्यवहार अनेकांस रुचला नाही. ग्राहकांचा रोष इतका झाला की, दोनच दिवसांत कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून क्षमा मागितली आणि जुन्या यंत्रांचे दोष व सुरक्षेतील उणिवा शक्य तितका काळ दुरुस्त करण्याचे मान्य केले. पुढे यंत्र निकामी करण्याची अटही गेली.

बोस कंपनीने २०१३ साली आणलेल्या ‘साउंडटच’ मालिकेची दूरस्थ सेवा १८ फेब्रुवारी २०२६ रोजी बंद करण्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हाही असाच क्षोभ झाला. कंपनीने ती तारीख ६ मे २०२६ पर्यंत पुढे नेली. शिवाय ह्या यंत्रांशी बाहेरच्या जाणकारांस संवाद साधता यावा म्हणून त्याची तांत्रिक माहिती खुली केली. तारीख पुढे गेली ह्यापेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची मानली पाहिजे. कंपनीने सोडलेले यंत्र दुसऱ्या कोणी सांभाळावयाचे ठरविले, तर त्यास किल्ली तरी मिळाली.

‘आजीवन’ हा शब्दही तपासून घ्यावा. घरातील दिवे इत्यादी चालविणारे ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे ३०० डॉलरचे यंत्र आजीवन सेवेच्या आश्वासनासह विकले गेले होते. ते बनविणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद झाली. कोणाचे आयुष्य, हे आश्वासनात कोणी विचारलेच नव्हते.

कंपन्यांची बाजूही विद्यार्थ्यांसमोर मांडली पाहिजे. एकांगी पाठ हा पाठ नव्हे. स्पीकरची किंमत एकदाच मिळते आणि दूरच्या संगणकांचा, विजेचा व तंत्रज्ञांचा खर्च रोज चालू राहतो. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ ह्या वृत्तपत्राने २०२४ साली दिलेल्या वृत्तानुसार, ॲमेझॉनच्या उपकरण विभागास २०१७ ते २०२१ ह्या काळात २५ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. तसेच जुन्या यंत्रांची स्मरणशक्ती तोकडी असते. सुरक्षेच्या नव्या पद्धती त्यांत मावत नाहीत. सुरक्षेत उणीव राहिलेले यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दाराची कडी मोडलेली असताना घर उघडे टाकणे होय. हे सारे खरे आहे. परंतु हा खर्च कंपनीस विक्रीच्या दिवशी ठाऊक असतो आणि ग्राहकास नसतो. ज्यास ठाऊक आहे त्याने तो आधी सांगावा, एवढीच मागणी आहे.

काही देशांनी ह्या दिशेने पाऊल टाकले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रास सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाने जाहीर केले पाहिजे. तो काळ किती असावा हे मात्र कायदा सांगत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ सालच्या ‘सायबर रेझिलियन्स’ कायद्याने ही मुदत सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे ठरविली असून त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले; त्याचा भर सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ह्यांवर आहे.

मग मुदत किती असावी? येथे यंत्राच्या तीन कामांत भेद केला पाहिजे. तारेने किंवा ब्लूटूथने आलेला आवाज मोठा करून ऐकविणे, हे डब्याचे स्वतःचे काम आहे. त्यास कंपनीच्या परवानगीची गरजच असू नये. देह टिकेल तोवर ते चालले पाहिजे. सुरक्षेची दुरुस्ती यंत्र जोडलेले राहण्याच्या वाजवी काळापर्यंत, म्हणजे विक्री थांबल्यापासून दहा वर्षे तरी मिळावी. चांगला स्पीकर तितका सहज जगतो, हे सोनोसच्या ग्राहकांनीच दाखविले आहे. प्रश्नोत्तरांची सेवा खर्चाची असल्यामुळे तिच्यासाठी पाच वर्षांची मुदत रास्त म्हणता येईल, आणि ती मुदत खोक्यावर छापलेली असावी. ही गणना शेवटच्या विक्रीपासून व्हावी, पहिल्या विक्रीपासून नव्हे. नवे यंत्र आल्या आल्या घेणारा धनिक बहुधा पूर्ण काळ उपभोगतो. खेड्यातील शाळा मात्र किंमत उतरल्यावर घेते. आयुष्य पहिल्या दिवसापासून मोजले, तर उशिरा येणाऱ्या गरिबाच्या वाट्यास शेपूट तेवढे उरते.

इयत्ता सातवीत ह्या विषयाचा पाठ चांगला रंगतो. शिक्षकाने घड्याळ, रेडिओ, भ्रमणध्वनी आणि स्पीकर मेजावर मांडून एकच प्रश्न विचारावा: “ही वस्तू आपल्याला न विचारता कोण बंद करू शकेल?” घड्याळापाशी मुले हसतात, स्पीकरपाशी येईतो वर्ग शांत होतो. मग इंटरनेटची जोडणी काढून यंत्रास हाक मारावी. ते नाव ओळखते, पण पुढे काही करू शकत नाही. भ्रमणध्वनीशी ब्लूटूथने आधी जोडलेले असल्यास अशा स्थितीतही काही यंत्रांवर पाठ्यपुस्तकातली कविता ऐकविता येते. कान, तोंड आणि डोके ह्यांतला भेद येथे मुलांच्या आपोआप ध्यानी येतो. वेगळे सांगावे लागत नाही. गणिताच्या तासास हेच उदाहरण पुढे न्यावे. १९९ डॉलरचे यंत्र ३९ महिने चालले तर दरमहा खर्च सुमारे ५ डॉलर १० सेंट पडतो. १२० महिने चालले असते तर सुमारे १ डॉलर ६६ सेंट पडला असता. आपल्या शाळेच्या यंत्राची किंमत घालून हाच हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. मात्र यंत्रास प्रश्न विचारताना मुलांची पूर्ण नावे, घरचे पत्ते इत्यादी माहिती उच्चारली जाणार नाही, ह्याकडे शिक्षकाचे लक्ष असावे.

यंत्र घेण्यापूर्वी मुख्याध्यापकाने शाळा व्यवस्थापन समितीसमोर दोन गोष्टी ठेवाव्यात: उत्पादकाने सुधारणांची जाहीर केलेली अखेरची तारीख, आणि सेवा बंद झाल्यास यंत्र साधा स्पीकर म्हणून चालेल किंवा कसे ह्याचे उत्तर. तारेने जोडण्याचे छिद्र असलेले यंत्र थोडे महाग पडले तरी तेच पसंत करावे. देणगीदार आग्रहाने स्वस्त यंत्र देऊ करीत असेल, तर त्यास ही अडचण सौजन्याने समजावून सांगावी. बहुतेक दाते ऐकतात. नोंदवहीच्या शेरा रकान्यात खरेदीच्या तारखेशेजारीच सेवेची अखेरची तारीख लिहून ठेवावी. शाळेचे खाते एखाद्या शिक्षकाच्या खाजगी भ्रमणध्वनीवर उघडू नये. त्यांची बदली होताच यंत्र कुलूपबंद होते आणि किल्ली दुसऱ्या तालुक्यात जाते.

सेवा बंद झालेले यंत्र लगेच निर्लेखनासाठी काढू नये. ते परिपाठास आणि स्नेहसंमेलनास उपयोगी पडत असेल तर ‘केवळ ध्वनिक्षेपक म्हणून चालू’ असा शेरा मारून वापरात ठेवावे. तेही न जमल्यास निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘नादुरुस्त’ असे न लिहिता ‘उत्पादकाने सेवा बंद केल्यामुळे निरुपयोगी’ असे स्पष्ट लिहावे. पुढच्या खरेदीच्या वेळी हीच नोंद समितीच्या कामी येते. यंत्र हातावेगळे करण्यापूर्वी त्यावरील शाळेचे खाते पुसून टाकावे, आणि ते भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवून त्याची पावती दप्तरी लावावी.