कोरियन प्रश्नावलीची पडताळणी: खिशाला किती?

सोलमध्ये मानसशास्त्र शिकताय आणि प्रबंधासाठी मनाची उभारी मोजणारी एखादी इंग्रजी प्रश्नावली कोरियनमध्ये आणायची आहे? मग आधी एक फुकटचं काम करा. ती कोरियनमध्ये आलेली आहे का, ते शोधा. कॉनर आणि डेव्हिडसन यांची 2003 सालची 25 विधानांची मापनश्रेणी घ्या. तिच्या कोरियन आवृत्तीची 576 जणांवर केलेली तपासणी 2010 मध्येच छापून आली आहे. अशा वेळी नव्याने भाषांतर करणं म्हणजे पैसे पाण्यात. मात्र या श्रेणीचे हक्क राखीव आहेत. वापरायलाही लेखी परवानगी आणि शुल्क लागतं.

तयार आवृत्ती नसेल, तर खरा खर्च माणसांचा. ढोबळ नियम असा, की विधानामागे दहा माणसं. 25 विधानांना 250. डोळे झाकून खुणा करणारे वगळावे लागतात, म्हणून 300 धरा. प्रत्येकाची वीस मिनिटं मोजा. कोरियातलं किमान वेतन 2026 मध्ये तासाला 10,320 वॉन, म्हणजे माणशी 3,440. तीनशे जणांचे 10,32,000 वॉन. वॉनला सहा पैसे धरले तर सुमारे 62 हजार रुपये. दोन आठवड्यांनी त्यातल्याच ऐंशी जणांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची, त्याचे साडेसोळा हजार. हा झाला फक्त मानधनाचा हिशेब. उत्तरं देणारी माणसं ऑनलाइन कंपनीकडून मिळवलीत, तर तिचं कमिशन वेगळं.

भाषांतराचा मजकूर जेमतेम दोन पानांचा, पण माणसं किमान चार लागतात. दोघं कोरियनमध्ये नेणारे आणि दोघं मूळ न पाहता इंग्रजीत परत आणणारे. शब्दांवर दर ठरवू नका, कामाचा एकरकमी ठरवा.

इंग्रजीत परत आणलेल्या या भाषांतरावर विसंबून मात्र राहू नका. कोरियन क्रियापदाच्या शेवटावरून आदर कळतो. तेच वाक्य 'हंदा'ने संपवलं तर कोरडं, 'हम्निदा'ने संपवलं तर अदबीचं. इंग्रजीत परत आणलं की हा फरक गायब होतो. आपल्या 'ये' आणि 'या'चं इंग्रजीही एकच, तसंच. म्हणून दहा जणांना समोर बसवून प्रत्येक विधान त्यांना काय वाटतं ते विचारा. उदाहरणार्थ, कॉनर-डेव्हिडसन श्रेणीत नशीब किंवा देव मदतीला येतो अशा आशयाचं एक विधान आहे. 2015 च्या जनगणनेत 56 टक्के कोरियनांनी धर्म नाही असं सांगितलं होतं. असं विधान त्यांना कसं वाटतं, हे आकडेवारीआधी माणसंच सांगतात. माणशी एक तास धरला, तर दहा तासांचे 1,03,200 वॉन, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. माझ्या मते सगळ्या यादीत सर्वांत वसूल होणारा खर्च हाच, आणि काटछाटीत पहिला बळीही याचाच जातो.

आकडेमोडीवर पैसे घालवू नका. 'आर', 'जामोवी', 'जास्प' ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. विश्वसनीयता आणि सप्रमाणता दोन्हींची गणितं त्यांत होतात.

विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी पहिल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी हातात हवी; मागाहून मिळत नाही. आणि मूळ लेखकांची परवानगी येईपर्यंत भाषांतरकाराला एक वॉनही आगाऊ देऊ नका.