‘कॅन’ म्हणजे येते

आपण म्हणतो, ‘मला वाचता येते.’ यातल्या ‘येते’साठी इंग्रजीत ‘कॅन’ हा शब्द आहे. मराठीत ‘येते’ शेवटी बसते. इंग्रजीत ‘कॅन’ क्रियेच्या आधी बसतो : ‘आय कॅन रीड.’ बाप्या असो की बाई, ‘कॅन’ बदलत नाही.

प्रश्न विचारताना ‘कॅन’ सर्वांत पुढे येतो. परमुलखात बँकेतला साहेब विचारील, ‘कॅन यू साइन?’ म्हणजे, सही करता येते का? आता आपल्याला येते! मग शाईच्या डबीकडे अंगठा कशाला न्यायचा? ‘येस, आय कॅन’ म्हणावे नि पेन घ्यावे.

पण घाई नको. कागदात काय लिहिलेय ते कळले नाही, तर आपणच विचारावे, ‘कॅन यू एक्स्प्लेन?’ म्हणजे, समजावून सांगता का? नीट कळले, मगच सही करावी.