चतुर्थीच्या आसपास ये

कोसबाड, ता. डहाणू

चि. मुग्धास,

तुझी यादी मिळाली. दोन दिवसांत डहाणूचा किनारा, बोर्डी, आसावा किल्ला, बहरोटच्या गुहा, महालक्ष्मी, उदवाडा आणि परतताना उंबरगाव. तुम्ही दोघंच येणार असतात तर मी काही बोलले नसते. पण सोबत साडेचार वर्षांची रेवा, पावणेदोन वर्षांचा ओम आणि गुडघे दुखणाऱ्या तुझ्या सासूबाई आहेत. या यादीप्रमाणे फिरलात तर मुलांचा निम्म्याहून जास्त वेळ गाडीच्या सीटवर जाईल, आणि समुद्र त्यांना खिडकीतून दिसेल तेवढाच.

आधी काय सोडायचं ते सांगते. बहरोटचा डोंगर चढताना मोठ्या माणसालाही घाम फुटतो. संजाण हे त्यांचं ठाणं शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बारा वर्षं त्या गुहांत जपला अशी परंपरा आहे. जागा पाहण्यासारखी आहेच, पण ओमला पाठुंगळी घेऊन पाहण्यासारखी नाही. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्याला आहे, आणि तिथल्या अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही. मुलांना एवढं लांब नेऊन बाहेरूनच नमस्कार करून परत यावं लागेल. आसावा किल्ला रेवा आठ-नऊ वर्षांची झाली की आपण मिळून करू. महालक्ष्मी मात्र हायवेलगत, चारोटीजवळ विवळवेढ्याला आहे. गाडीने येणार असाल तर वाटेत दर्शन सहज होईल. फक्त चैत्री पौर्णिमेपासून तिथे मोठी जत्रा भरते, त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत शिरू नकोस.

मग उरलं काय? एक किनारा, एक चिकूची वाडी आणि भरपूर वेळ. रेवा-ओमच्या वयाला एवढंच पुरतं, हे मी आयुष्यभर बालवाडीत बसून पाहिलं आहे. तू म्हणशील, आत्याचं कोसबाड सुरू झालं. होऊ दे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हाच त्यांच्या हाताशी आल्या, आणि पुढे ते काम इथे कोसबाडच्या टेकडीवर आलं. माँटेसरीची महागडी साधनं इथल्या गावांना परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या गोळा केल्या आणि त्यांवरच मोजणं, रंग ओळखणं, लहान-मोठं लावणं शिकवलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. जी मुलं गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणावरच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. वेळापत्रक मुलाच्या दिवसाप्रमाणे हललं पाहिजे, हे मी तिथे शिकले. सहलीलाही तेच लागू आहे. ओम दुपारी बारा ते अडीच झोपतो ना? मग तुमच्या सगळ्या बेताचा खुंटा ती झोप. बाकी सगळं तिच्याभोवती बांध.

दुसरा खुंटा भरती-ओहोटीचा. खोली ठरवण्याआधी कॅलेंडर काढ आणि तिथी बघ. इकडचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. थोडं मागेपुढे होतं, म्हणून आल्यावर कुणा कोळ्याला विचारून खात्री करायची. ते मिनिटांत सांगणार नाहीत, पण चुकीचंही सांगणार नाहीत.

आता हे तुझ्या मुलांना लावून पाहा. पौर्णिमेला आलात तर संध्याकाळी पाचला तुम्ही हौसेने किनाऱ्यावर जाल आणि पाणी दूर गेलेलं असेल. आपला किनारा सपाट आहे आणि उत्तरेला खंबायतच्या आखाताकडे जावं तसं भरती-ओहोटीतलं अंतर वाढत जातं, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत पाणी फार आत सरतं. ओमला कडेवर घेऊन तेवढं चालायचं, आणि पुढे पायाखाली चिखल. चतुर्थीच्या आसपास, म्हणजे तृतीया ते पंचमीत आलात, तर सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असेल. आठ ते दहा हा वेळ मुलांना ओल्या वाळूवर, साचलेल्या पाण्याच्या डबक्यांशी खेळायला. संध्याकाळी साडेचारला पाणी उतरणीला लागलेलं असेल, पण अजून जवळ असेल, आणि मागे ओली, घट्ट, कोमट वाळू सुटत जाईल. मधल्या उन्हात ओम झोपलेला. यापेक्षा चांगलं वेळापत्रक मला तरी लावता येणार नाही.

महिना विचारशील तर मार्गशीर्ष ते माघ. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा लहान मुलांना घेऊन येऊच नये. मे महिन्यात हवा दमट आणि वाळू तापलेली. नाताळच्या आठवड्यात गर्दी फार. जानेवारीतले मधल्या वारांचे दोन दिवस मिळाले तर उत्तम. रेवाची बालवर्गाची दोन दिवसांची शाळा बुडाली तर बुडू दे.

येताना लोकलने या. २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल येते. तू गोरेगावची, विरारला गाडी बदललीस की तास-सव्वा तासाचा प्रवास. वैतरणेचे पूल, मिठागरं, भातखाचरं, सगळं रेवाला खिडकीतून बघायला मिळेल. एकच लक्षात ठेव, लोकलमध्ये शौचालय नसतं. विरारला दोन्ही मुलांना शौचालयात नेऊन आणायचं, ओमला कोरडा लंगोट घालायचा, मगच पुढे. डहाणू रोडहून रिक्षा करून नरपड, चिखले, घोलवड असं किनाऱ्याकिनाऱ्याने बोर्डीला या. डहाणूचा किनाराही सुरेख आहे, पण लहान मुलांसाठी मी बोर्डीच सांगेन. सुरूच्या झाडांची सावली जवळ, वाळू घट्ट, आणि सासूबाईंना खुर्ची टाकून बसता येईल.

पाण्याबद्दल मी कडक बोलणार आहे, रागावू नकोस. दीड-दोन वर्षांचं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही. आवाज येईल तेव्हा बघू, असं चालत नाही. मुलं पाण्याजवळ असतील तेव्हा एका माणसाने फक्त त्यांच्याकडे बघायचं. फोन नाही, फोटो नाही, गप्पा नाहीत. अर्ध्या तासाने तोंडाने सांगून पाळी बदलायची: “आता तू बघतोस, मी नाही.” सगळेच बघताहेत असं वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं. रेवाने गुडघ्यापर्यंत, तेही हात धरून. ओमने घोट्यापर्यंत. खाडीच्या मुखाशी मुळीच जायचं नाही, ओहोटीला तिथे पाण्याला ओढ फार असते. आणि पाणी चढायला लागलं की मागे फिरायचं. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येतेच, पण खोलगट भागांतून मागच्या बाजूनेही शिरते.

खेळणी आणू नकोस. एक जुनी वाटी, एक चमचा, एक गाळणं पुरे. ओहोटीच्या वाळूत चिमुकले खेकडे बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या रचून ठेवतात, इतक्या रेखीव की मोठ्यांनीही खाली बसून बघावं. रेवाला तिथे बसव आणि काही शिकवू नकोस. ती स्वतः विचारेल तेव्हा सांग, तोवर गप्प राहा. आईबापांना हे फार जड जातं, पण मूल बघत असताना आपण बोललो की त्याचं बघणं तुटतं. शिंपले वेचू द्या, पण आत जीव असलेला शिंपला पाण्यात परत. पायात चपला हव्याच, वाळूत जाळ्यांचे तुकडे आणि काचा असतात. एखादं कासव किनाऱ्याला लागलेलं दिसलं तर त्याला समुद्रात ढकलू नका, बहुधा ते जखमी असतं. वनखात्याला कळवा, डहाणूत त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र आहे.

राहायला चिकूच्या वाडीतली खोली घे. घोलवड-बोर्डीकडे अशा बऱ्याच आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथली मुलं चिकूवरच वाढतात म्हटलं तरी चालेल. ओमला चिकू देताना बी स्वतःच्या हाताने काढ. तिला टोकाला आकडा असतो, घशात अडकली तर वाईट. कच्च्या चिकूला चीक असतो, तोंड बांधतं, म्हणून झाडावरचा तोडून थेट खायला देऊ नकोस. रात्री वाडीत टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि सकाळी चपला झटकून घालायच्या. मुलांसाठी मऊ भात, वरण, तूप यांचं वाडीत आदल्या दिवशीच सांगून ठेव. मोठ्यांना बोंबील-मांदेली मिळतील. तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं आणि उकळलेलं पाणी जवळ असू दे. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण बोर्डीहून तिथे पोचायला वेळ लागतो, हे गृहीत धर.

सासूबाईंनी भूकंपाचं विचारलं, असं तू लिहिलंस. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी या भागात लहान धक्के बसत आले आहेत, हे खरं आहे. पाड्यांवरच्या लोकांनी थंडीत उघड्यावर रात्री काढल्या आहेत. तुम्ही बैठ्या घरात उतरणार. हादरा जाणवला तर मुलांना घेऊन अंगणात या, एवढं पुरे. भीती घालू नका त्यांना.

दुसऱ्या दिवशी रेवाला हुशारी असेल तर झाईला घेऊन जा. गाव तलासरी तालुक्यातलं, पुढे लगेच गुजरातची हद्द. होड्या, जाळी, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील तिला जवळून बघू दे. पण ते लोकांचं कामाचं आवार आहे, वलांडीला लोंबकळायचं नाही, बायका मासळी निवडत असतील तर विचारल्याशिवाय फोटो नाही. वासाने नाक मुरडलं तर तिथेच तिला सांग की हे त्यांचं जेवण आहे आणि कमाईही. वारली चित्रांचंही तसंच. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आज त्या परिसरात अनेक घरांत चित्रं काढतात. पाड्यावर माणसं बघायला म्हणून जाऊ नका. चित्र घ्यायचं असेल, तर जा, काढणाऱ्याकडूनच घ्या, घासाघीस करू नका, आणि तांदळाच्या पिठाने गेरूवर रेघ कशी उमटते ते रेवाला बघू द्या.

हा किनारा एवढा मोकळा कसा राहिला, हे तुझ्या समीररावांना मला विचारायचं होतं ना? २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, म्हणून इथे कारखान्यांना वेसण बसली. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने ती अनेक वर्षं सांभाळली. आता दक्षिणेला वाढवणला मोठं बंदर होत आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि मच्छीमारांच्या मनात घोर आहे. माझ्याही आहे. रेवा-ओमने हा किनारा आत्ता पायांनी ओळखावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

संध्याकाळी किनाऱ्यावरून आल्याबरोबर मुलांना गोड्या पाण्याने अंघोळ, कोरडे सुती कपडे, खोबरेल, आणि सात वाजता जेवण. डास असतात, मच्छरदाणी मी देईन.

जानेवारीतली चतुर्थी कुठल्या वारी येते ते बघून मला फोन कर. वाडीतल्या बैठ्या घरातली खोली विचारून ठेवते, सासूबाईंना जिना नको. त्यांना माझा नमस्कार सांग, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या