बातमीची पारख

नागपूर शहराच्या दक्षिणेकडे हुडकेश्वर ही वस्ती आहे. पावसाळ्यातील एका सकाळी तेथील एका घरी आजोबा ओसरीवर वृत्तपत्र वाचीत बसले होते. इतक्यात त्यांची नात आईचा मोबाइल हाती घेऊन धावत आली. “आजोबा, आज शाळेला सुटी! हा पाहा आदेश,” असे म्हणून ती तो संदेश मैत्रिणींच्या घरी धाडू लागली. आजोबा म्हणाले, “थांब, बाळ. आदेशावर तारीख कोणती आहे?” नातीने निरखून पाहिले. आदेश खरा होता. परंतु तो मागील वर्षीचा होता! मुकाट्याने तिने दप्तर उचलले.

बातमी पूर्वी इतकी चपळ नव्हती. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. प्रारंभी ते पंधरा दिवसांनी निघे. त्या काळी देशात आगगाडी नव्हती. म्हणून दूरच्या वाचकास अंकाची वाट पाहावी लागे. पुढे १९४८ साली नागपुरास आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि बातमी क्षणात घरोघरी ऐकू येऊ लागली. तथापि सांगणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, ही स्थिती कायम राहिली.

१५ ऑगस्ट १९९५ पासून भारतात सामान्य नागरिकांना इंटरनेटची सेवा मिळू लागली. कालांतराने ती मोबाइलवर आली, आणि ऐकणारा प्रत्येक जण सांगणाराही झाला. याचे लाभ मोठे आहेत. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे राज्यात घरोघरी वृत्तपत्रे टाकण्यास काही काळ मनाई झाली, तेव्हा अनेकांनी आपले नेहमीचे वृत्तपत्र मोबाइलवर वाचले. छापलेली चूक सुधारण्यास दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट पाहावी लागते. पडद्यावरील चूक तत्काळ सुधारता येते.

मग उणीव कोठे आहे? वृत्तपत्रात बातमीदार बातमी आणतो, उपसंपादक ती तपासतो आणि मगच ती छापली जाते. तेथेही चुका होतात. परंतु अंकावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे असतात. चुकीचा जाब कोणास विचारावा, हे वाचकास ठाऊक असते. हातोहात फिरणाऱ्या संदेशावर बहुधा कोणाचेच नाव नसते.

याचा परिणाम किती भयंकर होतो, हे १ जुलै २०१८ रोजी दिसून आले. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत आलेल्या भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना जमावाने त्या टोळीतील समजून ठार मारले. संदेश पुढे धाडणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत, असे वाटले असेल. त्याच वर्षी व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली.

परंतु असत्य धाडण्यास एक ठिकाणही पुरेसे असते. पूर्वी छापखाना थोड्यांच्या हाती होता, म्हणून पारख करण्याचे काम थोड्यांचे होते. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून संपादकाचे कर्तव्यही प्रत्येकावर आले आहे. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? दुसरीकडून त्याची खात्री पटते काय? हे तीन प्रश्न विचारण्यास फार वेळ लागत नाही. हुडकेश्वरच्या त्या मुलीने शाळेत जाण्यापूर्वी आणखी एक काम केले. ज्या ज्या घरी तिने संदेश धाडला होता, त्या त्या घरी तिने कळविले, “तो आदेश जुना आहे. शाळा आहे.”

अभ्यास
१. वृत्तपत्रातील बातमी आणि मोबाइलवरील संदेश यांत कोणता फरक सांगितला आहे?
२. घरी आलेल्या वृत्तपत्रावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे शोधून वहीत लिहा.