भविष्याच्या कादंबरीत माग कोण चालवतो?

विज्ञानकादंबऱ्यांचं वेड मला शाळेपासून आहे, आणि त्यातलं बरंचसं वाचन भिवंडीच्या नारपोलीतच झालं, भिंतीपलीकडे यंत्रमागांची खडखड चालू असताना. त्यातून काही मतं पक्की झाली. यंत्रापाशी उभा असलेला माणूस मला रोज दिसतो, त्याचा या मतांवर परिणाम झाला आहे आणि तो व्हायलाच हवा होता, असं मला वाटतं.

१. भाकीत खरं ठरलं का, हा हिशेब सोडून द्यावा

ऑर्वेलची ‘१९८४’ कादंबरी १९४९ साली आली. १९८४ साल येऊन गेलं तरी लोक अजून विचारतात, त्याने लिहिलेलं कितपत खरं झालं? हा प्रश्न ज्योतिषाला विचारावा. मला त्या पुस्तकात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती विन्स्टन स्मिथची नोकरी. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सरकारच्या सोयीने बदलायचा आणि मूळ कागद जाळायला पाठवायचा. विन्स्टनला मनातून हे राज्य नकोसं आहे, पण हे काम तो मन लावून करतो. एखादा अवघड मजकूर सफाईने जमला की त्याला आनंद होतो. जुलूम नुसत्या पोलिसांवर चालत नाही, त्याला अशी कामसू माणसंही लागतात, हे ऑर्वेलने हेरलं. डोळे वटारून पाहणाऱ्या ‘बिग ब्रदर’पेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

२. काम करणारा माणूस कुठे आहे, ते आधी शोधावं

वेल्सच्या ‘टाइम मशीन’मध्ये (१८९५) तो जमिनीखाली आहे. वर देखणे, नाजूक, निरुद्योगी लोक, आणि खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. इंग्लंडमधले मालक आणि मजूर वेल्सने लाखो वर्षं पुढे ढकलून दाखवले.

पण या बाबतीत माझं सर्वांत आवडतं पुस्तक कर्ट व्हॉनेगटचं ‘प्लेअर पियानो’ (१९५२). व्हॉनेगट अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत प्रसिद्धीचं काम करत होता, तिथे त्याने आपोआप चालणारी यंत्रं जवळून पाहिली होती. कादंबरीत रूडी हर्ट्झ नावाचा एक लेथ कारागीर आहे. तरुण इंजिनिअर त्याच्या हातांच्या हालचाली टेपवर नोंदवून घेतात. हजारो कारागिरांतून आपली निवड झाली याचा रूडीला अभिमान वाटतो. पुढे त्या टेपवर लेथ चालू राहतात, रूडीची मात्र गरज उरत नाही.

ही गोष्ट वाचल्यापासून मी मागावरच्या माणसाचे हात बघायला लागलो. साध्या मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला तर माग स्वतःहून थांबत नाही. चार-सहा माग सांभाळणारा माणूस नजरेनेच ते टिपतो, माग बंद करतो, वाकतो, तुटलेलं टोक चिमटीत धरतो, गाठ मारतो, धागा फणीतून ओढून घेतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तोवर दुसऱ्या मागाच्या धोट्यातली कांडी संपत आलेली असते. मजुरी मीटरवर, म्हणजे थांबलेला माग त्याच्याच खिशातून जातो. ओळखीच्या एका कारागिराला मी रूडीची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “टेप काढली त्याचे त्याला पैसे किती दिले?” या कादंबरीवर मी जे काही वाचलं, त्यात हा प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही.

३. विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट कोसळली पाहिजे

जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणजे नावाशिवायही ती उभी राहिली; विज्ञानाशिवाय मात्र नारळीकरांची गोष्ट उभी राहत नाही. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासराव गोळीतून वाचतात आणि मराठे लढाई जिंकतात. त्यातला क्वांटम सिद्धान्त काढला तर हाती नुसतं स्वप्नरंजन उरेल. अवकाशयानात बसवलेल्या प्रेमकथा मला म्हणूनच वाचवत नाहीत.

४. हक्सली आपल्याकडे वेगळा वाचावा लागतो

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) माणसं बाटल्यांत तयार होतात आणि कुणी कोणतं काम करायचं हे जन्माआधीच ठरतं. खालच्या वर्गातल्या तान्ह्या मुलांना पुस्तकं दाखवून विजेचे झटके देतात, म्हणजे मोठेपणी ती पुस्तकाच्या वाटेला जाणार नाहीत. युरोपातल्या वाचकाला यात प्रयोगशाळेची भीती दिसली. आपल्याला प्रयोगशाळा लागलीच नव्हती. जात ही कामाबरोबर काम करणाऱ्यांचीच वाटणी करते, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं. ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

५. मराठी लेखकांकडे माझं एक मागणं

आपल्या विज्ञानकथेत शास्त्रज्ञ पुष्कळ भेटतात. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधला यंत्रमानव मला आजही धडकी भरवतो, पण ती गोष्टही शास्त्रज्ञ, संगणक आणि त्यांच्या मागावर असलेले लोक यांच्यातच घडते. असा यंत्रमानव आला तर ज्याची रोजी जाईल, तो माणूस मला मराठी कादंबरीच्या मध्यभागी हवा आहे. त्याला शोधायला लांब जायला नको. मानकोली-पूर्णाकडच्या गोदामांत हातात स्कॅनर घेऊन फिरणारी पोरं बघावीत. कोणत्या रॅककडे जायचं ते स्कॅनर सांगतो, वस्तू उचलली की पुढचा आकडा येतो, आणि पाळी संपताना कोणी किती माल उचलला हे वरच्या माणसाला आयतं कळतं. लेखकाने या पोरांबरोबर एक पूर्ण पाळी उभं राहावं. नाश्त्याला किती मिनिटं मिळतात, नेटवर्क गेलं तर खाडा कुणाच्या नावावर पडतो, पाय दुखले तर बसायला जागा असते का, हे सगळं टिपून घ्यावं आणि मग खुशाल साल २०८० टाकावं.